विमानात गाढ झोपलेलं लेकरू आंबोली घाटात का ओकतं?

दिल्लीहून माझ्या माहेरी, आजऱ्याला, जायचा आमचा मार्ग ठरलेला आहे. दिल्ली ते गोव्यातलं मोपा विमानाने अडीच तास, आणि पुढे भावाच्या गाडीतून बांदा, सावंतवाडी, दाणोली करत आंबोली घाट चढून आजरा. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि आमच्या भागातल्या, बाहेर राहणाऱ्या लोकांची मोठी सोय झाली. लेक सव्वा वर्षाची होती तेव्हापासून आम्ही या वाटेने पाच वेळा गेलो. पहिल्या वेळी विमान उतरताना ती कान धरून रडली, घाटात मात्र काही झालं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी रडणंही झालं आणि घाटात उलट्याही. तिसऱ्या वेळी तर दाणोली ते आंबोली एवढ्या अंतरात तीन वेळा गाडी थांबवावी लागली. घरी पोचलो तेव्हा पोर मलूल होऊन माझ्या खांद्यावर पडलेली होती, आणि आई दारातच मीठ-मोहरी घेऊन उभी होती.

आईने दृष्ट काढली, मी नको म्हटलं नाही. पण त्या रात्री लेक झोपल्यावर मी तिन्ही प्रवासांचं टिपण काढलं. विमान किती वाजता सुटलं, ती कधी झोपली, कधी उठली, किती दूध प्यायली, उलटी कुठल्या टप्प्यावर झाली, सगळं आठवून लिहिलं. तोवर मी विमानाचा त्रास वेगळा आणि गाडीचा त्रास वेगळा धरत होते, उपायही वेगवेगळे शोधत होते. टिपण समोर ठेवल्यावर कळलं की घाटातली उलटी आम्ही विमानातच तयार करत होतो. चौथ्या आणि पाचव्या प्रवासात क्रम बदलला आणि दोन्ही वेळा पोर कोरडी घरी आली. लहान मुलाला घेऊन विमान आणि पाठोपाठ घाट असा प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचं काय चुकत होतं

आम्ही मुद्दाम पहाटेचं विमान घ्यायचो. सगळे सांगतात तसा विचार होता: पोर विमानात झोपेल, आपल्यालाही त्रास नाही, शेजारच्यांनाही नाही. ती खरंच झोपायची. विमान उतरायला लागलं की कानाच्या दुखण्याने दचकून उठायची, मग कान मोकळे व्हावेत म्हणून मी तिला दुधाची अख्खी बाटली द्यायचे. ती भुकेलेली असायची, सगळी संपवायची. खाली उतरून सामान घेतलं की "बाळ उपाशी असेल" म्हणून अजून काहीतरी भरवणं व्हायचं. तासाभरात आम्ही दाणोलीला, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी. पोटात पाव लिटर दूध, वर केळं किंवा बिस्किटं, झोप पूर्ण झालेली, डोळे टक्क उघडे. गाडी लागायला याहून चांगली तयारी कुणी मुद्दाम केली तरी होणार नाही.

गाडी लागते म्हणजे काय होतं हे समजून घेतलं तर बाकीचं सोपं जातं. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या द्रवाने भरलेल्या नळ्या असतात. गाडी वळली की त्या मेंदूला सांगतात, आपण वळतोय. त्याच वेळी डोळ्यांसमोर पुढच्या सीटची पाठ असेल किंवा मोबाइल असेल, तर डोळे सांगतात, आपण स्थिर आहोत. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि पोट ढवळायला लागतं. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा कमी होतो, दोन ते बारा या वयात जास्त. म्हणूनच पहिल्या प्रवासात काही झालं नाही आणि दोनाच्या आसपास अचानक सुरू झालं. मला तेव्हा वाटलं होतं की भावाची गाडी बदलली म्हणून असेल. बिचाऱ्याने गाडीतलं सुगंधी फ्रेशनरसुद्धा काढून टाकलं. ते काढलं हे चांगलंच झालं, कारण उग्र वासाने मळमळ वाढतेच, पण मूळ कारण ते नव्हतं.

डोळे मिटले की हा झगडा बराचसा शांत होतो. झोपलेल्या मुलाला गाडी फारशी लागत नाही. म्हणजे झोप हवी होती ती घाटात, आणि आम्ही ती विमानात खर्च करून येत होतो.

झोप कुठे ठेवायची

लेकीची दुपारची झोप घरी दीड ते साडेतीन अशी ठरलेली. चौथ्या वेळी आम्ही साडेनऊच्या सुमाराला सुटणारं विमान घेतलं. थोडं महाग पडलं, पण घेतलं. सकाळी ती नेहमीच्या वेळी उठली, तिचा नाश्ता झाला, विमानतळावर भरपूर चालू दिलं. विमानात तिला जागं ठेवलं. अडीच तास दोन-अडीच वर्षांच्या मुलाला जागं ठेवून रमवणं हे काम आहे, ते सोपं असल्याचं सांगून फसवणार नाही. पण त्याचं फळ पुढे मिळतं. मी एका पिशवीत तिने न पाहिलेल्या लहान लहान वस्तू भरल्या होत्या: चिकटवायची चित्रं, एक छोटा डबा ज्याचं झाकण फिरवून उघडतं, दोरा आणि मोठी लाकडी मणी, स्टीलची वाटी-चमचा. वीस-वीस मिनिटांनी एकेक बाहेर काढायची. सगळ्यात जास्त वेळ टिकलं ते वाटी-चमचा आणि रिकाम्या कागदी कपात चमच्याने पाणी ओतणं.

बारानंतर उतरलो. सावंतवाडीला एक वाजता जेवण. मऊ भात, थोडं साधं वरण, तेही नेहमीपेक्षा कमी. दूध नाही, ताक नाही, फळांचा रस नाही. मग मोती तलावाच्या काठाने अर्धा-पाऊण तास चालली, बदकं शोधली, पाय मोकळे झाले. पावणेदोनला गाडीत बसवलं. माडखोल येईपर्यंत डोळे जड झाले होते, दाणोलीच्या अलीकडे झोपली. आंबोली मागे पडल्यावर उठली आणि मामाकडे पाणी मागितलं.

ज्यांची दुपारची झोप वेगळ्या वेळी असेल त्यांनी त्याप्रमाणे उलटं गणित मांडावं. घाटाच्या पायथ्याशी कधी पोचायचं ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत विमानाची वेळ काढा. घाट आंबोलीचाच हवा असं नाही. पुण्याला उतरून महाबळेश्वरला जाणाऱ्यांना पसरणी घाट आहे, मुंबईला उतरून नाशिककडे जाणाऱ्यांना कसारा आहे, कोल्हापूरला उतरून कोकणात उतरणाऱ्यांना गगनबावड्याचा करूळ घाट आहे. वाटेत वळणं कुठे सुरू होतात ते बघा, झोप तिथे यायला हवी.

सोयीचं विमान मिळालंच नाही तर? मग पायथ्याच्या गावात थांबा. नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर लॉजवर तीन-चार तासांची खोली घ्या. मला हे खर्चिक वाटायचं, पण तिसऱ्या प्रवासानंतर गाडी आतून धुवायला जे लागलं ते बघता खोली स्वस्त पडली असती.

कान: किती पाजायचं आणि कधी

आता विमानातल्या रडण्याकडे येते, कारण त्या बाटलीभर दुधाचं मूळ इथे आहे.

विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतला दाब 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. कळसूबाईचा माथा 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट. तेव्हा केबिनमध्ये बसलेलं बाळ कळसूबाईच्याही वर बसल्यासारखं असतं, आणि तिथून साधारण अर्ध्या तासात ते मोपाच्या सड्यावर येतं. वर जाताना कानातली जादा हवा आपसूक बाहेर पडते, म्हणून विमान उडताना फारशी मुलं रडत नाहीत. खाली येताना मात्र घसा आणि मधला कान जोडणारी नळी उघडून हवा आत घ्यावी लागते. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, सहज उघडत नाही. गिळलं, जांभई दिली किंवा रडलं की ती उघडते. रडणं हाही एका अर्थाने बाळाचा स्वतःचा इलाज असतो. हे कळल्यापासून रडणाऱ्या बाळाच्या आईकडे मी फार वेगळ्या नजरेने बघते.

माझी चूक वेळेची आणि प्रमाणाची होती. मी चाकं बाहेर आल्याचा आवाज आला की बाटली काढायचे. तोवर निम्म्याहून जास्त उतार झालेला असायचा आणि कान दुखायला लागलेला असायचा. उतरणं सुरू होतं ते जमिनीला टेकायच्या साधारण पंचवीस-तीस मिनिटं आधी. इंजिनाचा आवाज मंद होतो, नाक किंचित खाली झुकल्यासारखं वाटतं, आपल्याही कानात दडा बसतो. तेव्हा सुरुवात करायची.

आणि द्यायचं काय? गिळणं महत्त्वाचं आहे, पोट भरणं नाही. मी आता एका वाटीत पाणी घेते आणि चमच्याने एकेक घोट देते. दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. तीस मिनिटांत जेमतेम अर्धा कप पाणी पोटात जातं, पण वीसेक वेळा गिळणं होतं. बाटलीने ते होत नाही, भुकेलं मूल सहा-सात मिनिटांत ती संपवतं आणि पुढची वीस मिनिटं काहीच गिळत नाही. स्ट्रॉने पिणारं मूल असेल तर स्ट्रॉ चालेल. अंगावर पिणाऱ्या बाळांना पाजा, तिथे घोट लहान लहानच जातात, आणि इतक्या लहान बाळांना घाटाचा त्रासही सहसा नसतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी मात्र देऊ नका, त्यांना दूधच.

झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून उतरताना मूल जागं असलेलं बरं. झोप घाटासाठी राखून ठेवल्यामुळे हेही आपोआप साधलं. आधी कानाच्या कळेनेच तिला जाग यायची, आता ती मांडीवर बसून स्वतः चमचा धरते.

सर्दी असेल तर ही सगळी मेहनत अपुरी पडते, कारण नळी सुजून बंद झालेली असते. नाक चोंदलेलं असेल तर उतरण्याच्या अर्धा तास आधी साध्या मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब घालून नाक मोकळं करते, ते आम्हाला आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलं आहे. ताप असेल, कान आधीच दुखत असेल किंवा कानातून पाणी येत असेल तर प्रवासाआधी डॉक्टरांना कान दाखवा, आणि ते नको म्हणाले तर तिकीट पुढे ढकला.

एक कळकळीचं सांगणं. मूल प्रवासात झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध पाजायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, चांगल्या शिकलेल्या घरांतही आहे. कृपा करून असं करू नका. प्रोमेथाझिनसारखं गुंगी आणणारं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना वापरू नये, असं लेबलवर छापण्याचा आदेश डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी दिला. उलटी थांबवणारं औषधही मुलाचं वय आणि वजन पाहून डॉक्टरांनीच लिहून द्यायचं असतं. मोठ्या भावंडाच्या गोळीचा तुकडा मोडून दिला, असं होऊ देऊ नका.

गाडीतली बैठक

तिसऱ्या प्रवासात पहिली उलटी झाल्यावर मी सर्वांत वाईट निर्णय घेतला. लेक रडत होती म्हणून मी तिला तिच्या सीटमधून काढून मांडीवर घेतलं, तोंड माझ्या छातीकडे. त्या स्थितीत तिला बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, म्हणजे मळमळ वाढण्याचीच सोय झाली. आणि घाटात समोरून ट्रक आला असता, जोरात ब्रेक लागला असता, तर माझ्या हातांनी ती धरली गेली नसती. कुठल्याच आईच्या हातांनी जात नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंडाचं 194ब हे कलम आलं. दंड कुणी करो न करो, मूल बांधलेलंच पाहिजे.

दर वेळी दिल्लीहून सीट वाहून नेणं जमत नव्हतं, म्हणून आम्ही एक सीट माहेरीच ठेवली. भाऊ मोपाला येताना ती लावून आणतो. ती गाडीच्या पट्ट्याने बसवायची आहे, आणि ती नीट बसली की नाही हे पाहायची एक सोपी रीत आहे: पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा, बोटाच्या रुंदीएवढी हलली तर ठीक, त्याहून जास्त हलली तर काढून पुन्हा आवळा. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरता येत असेल तर तो सैल आहे. थंडीत दिल्लीहून निघताना अंगात जाडजूड जॅकेट असतं, ते काढूनच सीटमध्ये बसवायचं, नाहीतर पट्टा आवळल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात सैल असतो.

मागे तोंड करून बसणाऱ्या मुलाला गाडी जास्त लागते असं मला दोघी-तिघींनी सांगितलं आणि सीट पुढे वळवायला सुचवलं. घाई करू नका. अपघातात लहान मुलाची मान आणि डोकं मागे तोंड असतानाच जास्त सुरक्षित राहतं. युरोपात मुलांच्या सीटसाठी असलेल्या आर 129 नियमात तर पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत पुढे तोंड करायला मनाईच आहे. सीटवर दिलेली उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत तसंच ठेवा. आणि मागे तोंड केलेली सीट, समोर एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही लावू नका.

आमच्या बाबतीत खरा अडथळा वेगळाच निघाला. ऊन लागू नये म्हणून मागच्या दोन्ही काचांना मी काळी जाळी लावली होती. लेकीच्या डोळ्यांसमोर काळी भिंत, आणि तिच्यासाठी मी मोबाइलवर बालगीतं लावून धरलेली. डोळ्यांना बाहेरची हालचाल दिसायला हवी होती आणि मी तीच झाकून टाकली होती. आता घाटाआधी जाळी काढतो. ती जागी असेल तर लांबचं काही दाखवतो: पलीकडचा डोंगर, धबधबा, खालचा रस्ता. जवळची झाडं झरझर मागे जातात, त्यांच्याकडे बघण्यापेक्षा लांबचं बरं. मोबाइल, पुस्तक, चित्रं चिकटवणं, सगळं घाट संपेपर्यंत बंद. गाणी आम्हीच म्हणतो.

चालवणाऱ्याशी आधी बोलून घ्या. माझा भाऊ या वाटेवर लहानाचा मोठा झालेला, त्याला प्रत्येक वळण पाठ. त्यामुळेच तो वेगाने वळण घ्यायचा आणि वळणात ब्रेक मारायचा. मी त्याला म्हटलं, "दादा, मागे पाण्याने भरलेला हंडा ठेवलाय असं समजून चालव." त्याला एकदम पटलं. आता तो वळणाच्या आधीच वेग कमी करतो, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश फिरवतो, पुढच्याला ओलांडायची घाई करत नाही. दहा-बारा मिनिटं जास्त लागतात. एसी बंद करून काचा थोड्या खाली घेतो. आंबोलीची हवा असताना एसी लागतच नाही.

एवढं करूनही झालीच तर

सूचना मिळते, ती ओळखायला शिकायचं. लेक बडबड थांबवते, जांभया देते, ओठ पांढुरके पडतात, तोंडात लाळ जमते, कपाळावर थंड घाम येतो. ही खूण दिसली की जागा बघून थांबायचं. वळणावर नाही, जिथे मागच्या-पुढच्या गाड्यांना आपण दिसू अशा रुंद जागी. पाच-दहा मिनिटं बाहेर उभं केलं, तोंडावर ओला रुमाल फिरवला तर बऱ्याचदा टळतं.

उलटी झाली तर लगेच पाणी गटागट पाजू नका, ते तसंच बाहेर येतं. दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने. दोन-तीन वेळा उलटी झाली असेल तर ओआरएस, पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच पूर्ण पाकीट घालून. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं आहे का ते पाकिटावर बघून घ्या. दुकानात खोक्यातून मिळणारी गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. प्रवास संपल्यावर तासा-दोन तासांत मूल हसूखेळू लागायला हवं. उलट्या थांबतच नसतील, उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, मूल सुस्त पडत असेल, तर ते गाडी लागणं नाही, दवाखान्यात न्या.

सामानात माझा भर सुती कापडावर असतो. आईच्या जुन्या सुती लुगड्याचे मोठे चौकोन कापून ठेवले आहेत. एक मानेभोवती, एक मांडीवर, दोन हाताशी. ओले वाइप्स, चेन लागणाऱ्या पाच-सहा प्लास्टिक पिशव्या, लेकीचे दोन जोड आणि माझा एक कुर्ता. हे सगळं मागच्या डिकीत बॅगेत नव्हे, माझ्या पायाशी. माझा कुर्ता विसरले होते तेव्हा आंबोली ते आजरा मी ओकारीच्या वासात काढलं, आणि त्या वासानेच लेकीला पुन्हा उमळलं.

सीटच्या बकलाचा एक त्रास सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. तिसऱ्या प्रवासानंतर आठवड्याने पट्टा लावताना बकल खटकन बसेना. दोनदा बसल्यासारखं वाटलं आणि ओढल्यावर सुटलं. आत दूध वाळून बसलं होतं. कोमट पाण्यात फक्त बकलचा भाग बुडवून बटण दाबत-सोडत राहिलो, पांढरे कण निघाले, सावलीत वाळवलं, मग आवाज स्पष्ट येऊ लागला. तेल घालू नका. आणि खांद्याचे पट्टे मशिनमध्ये किंवा साबणात भिजवून धुवू नका, त्यांची ताकद कमी होते, ओल्या फडक्याने पुसायचे. कापडी खोळ मात्र बहुतेक सीटची काढून धुता येते.

तिकिटाची एक गोष्ट

दुसरा प्रवास लेकीच्या दोन वर्षांच्या वाढदिवसाला आठ दिवस बाकी असताना होता. जाताना ती मांडीवर, येताना वाढदिवस होऊन गेलेला. दोन वर्षं पूर्ण झाली की मुलाची स्वतंत्र जागा काढावी लागते, आणि वय मोजतात ते त्या त्या प्रवासाच्या दिवशीचं. परतीला खिडकीवर हे कळलं, आयत्या वेळी जास्त पैसे भरून तिकीट घ्यावं लागलं. जन्मदाखला जवळ असतोच, त्यावरची तारीख आणि परतीची तारीख तिकीट काढतानाच ताडून बघा. मांडीवरच्या बाळाला आपल्याच पट्ट्यात कोंबून बांधू नका, धक्का बसला तर आपला सगळा भार बाळावर येतो. बाळासाठी वेगळा जोडपट्टा असेल तर मागून घ्या. दूध, पाणी, पेज प्रवासापुरती नेऊ देतात. तपासणीत बाटल्या वेगळ्या काढून दाखवल्या की वेळ वाचतो.

परतीचा प्रवास

परतताना क्रम उलटा होतो, आधी घाट, मग विमान, आणि इथे अजून सगळं जुळलेलं नाही. संध्याकाळचं विमान मिळालं तर दुपारी झोपेच्या वेळी आजऱ्याहून निघतो, घाट झोपेत उतरतो. सकाळचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच सावंतवाडीला आत्याकडे मुक्कामाला जातो. निघताना आई शिदोरी देतेच, घनसाळ तांदळाचा दहीभात, आणि नातीला दोन घास भरवल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्यातून निघत नाही. तिला मी समजावलं की भात डब्यात दे, मोपाला पोचल्यावर बसून खाऊ घालते. पहिल्यांदा तिला वाईट वाटलं. मागच्या वेळी विमानतळावरून मी तिला फोन लावला आणि नात डबा चाटूनपुसून खाताना दाखवली.

त्याच संध्याकाळी दिल्लीला उतरताना इंजिनाचा आवाज मंद झाला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते, वाटी अजून काढली नव्हती. लेकीने माझी बाही ओढली. "आई, कान बंद झाला. चमचा दे."